दोन नंबर बोलत नाही

गाडी धड चालत नाही आणि धड बंदही पडत नाही, अशा दुखण्याला पुण्याच्या गॅरेजात एकच शब्द आहे, 'मिसिंग'. इंजिन सुरू असतं, पण मधेच एखादा ठोका चुकतो. सायलेन्सरमधून एकसारखा आवाज येण्याऐवजी फट् फट् असा तुटक आवाज येतो, स्टेअरिंग हाताला थरथरतं आणि चढ लागला की गाडी दमेकऱ्यासारखी धापा टाकते. बंद पडलेली गाडी त्यामानानं सोपी. मिसिंगची गाडी मिस्त्र्याची परीक्षा बघते, कारण दहा जागी दोष असू शकतो आणि गॅरेजात आणली की ती पुष्कळदा शहाण्यासारखी चालते.

मी हे शिकलो नाना पेठेत. आमचं गाव पुरंदरच्या माळावर. आभाळाकडं बघून बाजरी आणि वाटाणा करायचा, विहिरीला पाणी राहिलं तर अंजिराची चार झाडं जगवायची. तेवढ्यावर घर चालत नव्हतं. दहावी झाल्यावर मामांनी मला दिवे घाट उतरवून पुण्याला आणलं आणि नाना पेठेतल्या एका गॅरेजात वस्तादांच्या हाताखाली उभं केलं. नाना पेठ म्हणजे गाड्यांच्या सुट्या भागांची पेठ. एका दुकानात नुसती बेअरिंगं, शेजारी नुसती गॅस्केटं. गल्लीत शिरलं की ग्रीसचा आणि पेट्रोलचा वास नाकात बसायचा, तो रात्री जेवतानाही जायचा नाही.

वस्ताद फारसे शिकलेले नव्हते, पण इंजिन समजावून सांगण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. "पोरा, ह्याला तीन गोष्टी लागतात," म्हणायचे. "पेट्रोल-हवेचं मिश्रण, दाब आणि वेळेवर ठिणगी. तिन्हीतलं एक हुकलं की ठोका हुकला." चूल पेटत नसली की आपण लाकूड ओलं आहे का, हवा लागते का, काडी विझते का ते बघतो. तसंच हे. फक्त इंजिन मिनिटाला 3000 फेरे मारत असेल तर एकेका सिलेंडरात सेकंदाला 25 वेळा ही चूल पेटवावी लागते. चार सिलेंडरांच्या मिळून शंभर ठिणग्या. बॅटरीच्या 12 व्होल्टांचे कॉइल हजारो व्होल्ट करते, ते डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये येतात आणि आतला फिरता रोटर ज्याची पाळी असेल त्या प्लगला ते वाटून देतो. पाळी ठरलेली, 1-3-4-2. शाळेतले पाढे विसरलो, पण हे चार आकडे अजून झोपेत विचारले तरी सांगेन.

1986 च्या पावसाळ्यात आमच्या गावचे तात्या त्यांची प्रीमियर पद्मिनी घेऊन गॅरेजात आले. सगळे तिला फियाटच म्हणायचे, कारण मूळ गाडी इटलीची फियाट 1100, ती कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. तात्यांनी ती जुनी विकत घेतलेली. गावात तेवढं एकच चारचाकी वाहन. लग्नाचा नवरदेव त्यातच, साप चावलेला माणूस त्यातच आणि अडलेली बाळंतीणही त्यातच. पंधरा दिवसांपूर्वी रात्री एका बाईला पुण्याला न्यायचं होतं. बाहेर धुकं, रिपरिप पाऊस. सासवडच्या पुढं चढाला गाडी गचके खायला लागली. बरोबरच्या माणसांनी घाटमाथ्यापर्यंत ढकलत नेली, पुढं उतारानं कशीबशी खाली आली आणि ससूनला पोचली. बाळ-बाळंतीण वाचले. पण तात्यांच्या स्वतःच्या सुनेला तेव्हा आठवा महिना होता.

एका मिस्त्र्यानं त्यांना सांगितलं होतं, "रिंगा गेल्यात. इंजिन उतरवावं लागंल." खर्च ऐकून तात्यांनी गाय काढली विकायला. साधीसुधी गाय नव्हती ती. उरळीकांचनच्या संस्थेमुळं आमच्या भागात संकरित गाई आल्या, त्यातली. दोन्ही वेळचं दूध डेअरीला जायचं, त्यावर घरचा बाजार चालायचा. गिऱ्हाइकाकडून विसारही घेऊन झाला होता.

वस्तादांनी बोनेट उघडायच्या आधी तात्यांना चहा दिला आणि विचारायला सुरुवात केली. "कधी मिस मारती? सकाळी का दुपारी?"

"सकाळी जास्त. ऊन पडलं की बरी चालती."

"सपाटीला का चढाला?"

"चढाला लई."

"पाऊस असला की?"

"आवं वस्ताद, पाऊस असला की हमखास. उन्हाळ्यात काय बी तक्रार न्हवती."

वस्तादांनी मान हलवली. बाहेर भुरभुर चालू होती, गाडी भिजूनच आली होती. त्यांनी पहिला हुकूम सोडला, "इंजिनाला कुणी फडका लावू नका. आहे तशी ओली राहू दे." मग गाडी सुरू ठेवून हातात कोरडं कापड आणि पकड घेतली आणि एकेका प्लगची वायर उपसून पुन्हा लावत गेले. एक नंबरची काढली, इंजिन खाली बसलं, म्हणजे तो सिलेंडर काम करत होता. तीनची काढली, चारची काढली, तेच. दोनची काढली आणि आवाजात काहीच फरक पडला नाही. "दोन नंबर बोलत नाही," वस्ताद म्हणाले.

मग दोनचा प्लग खोलला. प्लगचं तोंड बघून मिस्त्री पोटातलं ओळखतो. चांगल्या प्लगचा रंग ग्लुकोज बिस्किटासारखा असतो. तव्याच्या बुडासारखा कोरडा काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. तेलानं चिकट असेल तर रिंगांची किंवा व्हॉल्व्हची शंका घ्यायची. हा प्लग ओला होता, पण पेट्रोलनं. बोटाला तेल लागलं नाही. म्हणजे पेट्रोल आत येत होतं, ते जळत नव्हतं.

नवा प्लग टाकून मोकळं होणं सोपं होतं. वस्तादांनी दोनचा प्लग तीनमध्ये आणि तीनचा दोनमध्ये लावला. दोष प्लगचा असता तर आता तीन नंबर मेला असता. मेला तो दोनच. वायरींचीही तशीच अदलाबदल केली. तरी दोनच. "वस्तू हलवायची आणि दुखणं तिच्याबरोबर हलतं का बघायचं," ते मला म्हणाले. "हललं तर चोर सापडला. नाही हललं तर त्या वस्तूला सोडून द्यायचं. गिऱ्हाइकाच्या पैशानं अंदाज करायचा नाही."

मग चारही प्लग काढून कॉम्प्रेशन मोजलं. चारही सिलेंडरांत गेजचा काटा जवळजवळ एकाच जागी थांबला. वस्तादांनी तो तात्यांना जवळ बोलावून दाखवला. "रिंगा गेल्या असत्या तर दोन नंबरला काटा खालीच राहिला असता. तुमचं इंजिन धडधाकट आहे. उतरवायचं कशाला?" तात्या काही बोलले नाहीत. टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं.

राहिली डिस्ट्रिब्युटरची कॅप. वरून बघितली तर काहीच दिसेना. वस्ताद म्हणाले, दिवेलागण होऊ दे. अंधार पडल्यावर त्यांनी गॅरेजातल्या ट्यूबलाइटी घालवायला लावल्या, गाडी सुरू केली, बोटांनी कॅपवर चार थेंब पाणी शिंपडलं आणि मला हात लांब ठेवायला सांगितलं. अंधारात दोन नंबरच्या वायरीच्या बुडाशी एक निळी रेघ वळवळताना दिसली. केसाएवढी. ठिणगी प्लगकडं जायच्या ऐवजी कॅपवरून सरकत खालच्या लोखंडाकडं पळत होती.

कॅप काढून पुसली तेव्हा तिथं शिसपेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक काळी चीर दिसली. चिरेत काजळी बसली की वीज तिच्यावरून वाट काढते, आणि ओल धरली की ती वाट आणखी मोकळी होते. चढाला गाडी जास्त का मिस मारायची, तेही वस्तादांनी सांगितलं. चढाला पेडल दाबलं की सिलेंडरात मिश्रण जास्त भरतं, दाब वाढतो आणि त्या दाबात प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला जास्त व्होल्ट लागतात. तेवढा जोर लावण्यापेक्षा विजेला चिरेची सोपी वाट बरी. तात्यांनी चहा पिता पिता दिलेल्या तिन्ही उत्तरांत ही चीर आधीच सांगितलेली होती.

नवी कॅप दोन दुकानं सोडून मिळाली. जोडीला रोटर बदलला, पॉइंट घासून फट लावली. सगळं मिळून गाईच्या आठवड्याच्या दुधाएवढेही पैसे झाले नाहीत. तात्या रात्रीच घाट चढून गेले आणि दुसऱ्या दिवशी गाईचा विसार परत केला. महिन्याभरानं सुनेला त्याच फियाटीतून पुण्याला आणलं. भर पावसात.

आता वस्ताद नाहीत. माझं स्वतःचं छोटं गॅरेज हडपसरच्या पुढं आहे आणि ते भाचा बघतो. डिस्ट्रिब्युटर जाऊन बरीच वर्षं झाली. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते आणि ठोका चुकला की गाडीतला कॉम्प्युटर टिपून ठेवतो. स्कॅनर लावला की पडद्यावर P0302 असा कोड येतो. म्हणजे दोन नंबरचा सिलेंडर मिस मारतोय. वायरी उपसून जे शोधायला लागायचं, ते मिनिटात कळतं. चांगलीच सोय आहे, मला तिचं कौतुक वाटतं.

पण कोड सिलेंडर सांगतो, कारण सांगत नाही. दोष प्लगचा, कॉइलचा, इंजेक्टरचा की व्हॉल्व्हचा, हे पुन्हा माणसानंच शोधायचं असतं. कोड बघून चारही कॉइल बदलणारे आहेत, आणि मग गाडी तशीच राहिली की गिऱ्हाइकाला पुढचा खर्च सांगणारेही आहेत. भाचा दोनची कॉइल एकवर लावतो, कोड पुसून गाडी फिरवून आणतो आणि पुन्हा स्कॅनर लावतो. P0301 आला तर कॉइल गेली. P0302 च राहिला तर कॉइलला सोडून पुढं जायचं.

गेल्या आठवड्यात एक जेजुरीकडचा शेतकरी जुनी गाडी घेऊन आला. भाच्यानं स्कॅनर हातात घेतला होता, तो तसाच टेबलावर ठेवला, खुर्ची पुढं ओढली आणि विचारलं, "काका, कधी मिस मारते? सकाळी का दुपारी?"