मोम्बासाची चपाती

केनियाच्या पूर्व किनाऱ्यावरील मोम्बासा हे एका बेटावर वसलेले जुने बंदर आहे. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत वाहणाऱ्या ईशान्येच्या वाऱ्यांना तेथील स्वाहिली भाषेत 'कास्काझी' म्हणतात. या वाऱ्यांच्या बळावर कच्छ, काठियावाड आणि अरबस्तानातील गलबते शतकानुशतके या बंदरात येत. एप्रिलनंतर 'कुसी' नावाचे दक्षिणेकडील वारे सुरू झाले की परतीची शिडे उभारली जात. पोर्तुगीजांनी 1593 मध्ये बांधावयास घेतलेला फोर्ट जीझस हा किल्ला आजही समुद्राकडे तोंड करून उभा आहे. त्याच्यामागे अरुंद गल्ल्यांचे, कोरीव दारांचे जुने शहर पसरलेले आहे.

या शहरात फिरणाऱ्या भारतीय प्रवाशास परकेपणा फार काळ जाणवत नाही. येथे पांढरेशुभ्र जैन मंदिर आहे. मसाल्याच्या बाजारात वेलदोडे, लवंगा, दालचिनी आणि जिरे यांच्या राशी लागलेल्या असतात. कापडाच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेल्या रस्त्याचे नावच 'बियाशारा' म्हणजे व्यापार असे आहे, आणि तेथील अनेक पेढ्या भारतीय वंशाच्या कुटुंबांच्या आहेत. त्याहून अधिक ओळख पटते ती कानांना. स्वाहिलीत दुकानाला 'दुका', पैशाला 'पेसा', विम्याला 'बिमा', गोणीला 'गुनिया' आणि लाखाला 'लाकी' म्हणतात. 'हुंडी' हा शब्दही तेथे रूढ आहे. 2007 मध्ये केनियात सुरू झालेल्या आणि पुढे जगभर नावाजलेल्या 'एम-पेसा' या मोबाईलवरील पैसे पाठविण्याच्या सेवेच्या नावातही आपलाच जुना पैसा दडलेला आहे. व्यापाऱ्याने नेलेला माल विकला जातो आणि संपतो, पण त्याचे शब्द मात्र मागे राहतात.

शब्दांबरोबर एक पदार्थही मागे राहिला. रस्त्याकडेच्या उपाहारगृहात मोठ्या तव्यावर पदरदार, तेलाने तुकतुकीत झालेली पोळी भाजली जात असते. तिचे नाव 'चपाती'. सोबत नारळाच्या दुधात शिजविलेली तूर असते. तिला 'म्बाझी झा नाझी' म्हणतात, कारण स्वाहिलीत 'म्बाझी' म्हणजे तूर आणि 'नाझी' म्हणजे नारळ.

ही चपाती किनाऱ्यावरून आत देशभर पसरली, त्यात रेल्वेचा वाटा मोठा आहे. 1896 मध्ये ब्रिटिशांनी मोम्बासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग घालण्यास आरंभ केला आणि 1901 मध्ये तो सरोवराकाठी पोहोचला. आजची राजधानी नैरोबी ही 1899 मध्ये या मार्गावरचा एक तळ म्हणून जन्मास आली. या कामासाठी भारतातून सुमारे 32,000 करारबद्ध मजूर नेण्यात आले. त्यांत पंजाबातील लोक बहुसंख्य होते. सुमारे 2,500 जणांनी तेथेच प्राण सोडले. करार संपल्यावर बहुतेक जण मायदेशी परतले, तरी सहा-सात हजार लोक तेथेच राहिले. मजुरांबरोबर पीठ, डाळ आणि तूप गेले, तवा गेला आणि पोळी लाटण्याची रीतही गेली. तेथील चपाती आपल्या घडीच्या पोळीपेक्षा पंजाबी पराठ्याला अधिक जवळची आहे, याचे मूळ बहुधा येथेच असावे.

लोहमार्गामागून दुकानदार गेले. जामनगरच्या आसपासच्या हालार प्रांतातील विसा ओसवाल जैन हे मूळचे शेतकरी. दुष्काळ आणि तुटपुंजी जमीन यांना कंटाळून विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांतील तरुण पूर्व आफ्रिकेत गेले. प्रथम दुसऱ्याच्या पेढीवर नोकरी, मग आडगावात पत्र्याचे छप्पर असलेले स्वतःचे लहानसे 'दुका', असा त्यांचा क्रम असे. मीठ, साखर, काडेपेटी, रॉकेल, कापड आणि गव्हाचे पीठ तेथे मिळे. पुढे याच समाजातून मेघजी पेथराज शाह यांच्यासारखे उद्योजक आणि दाते निर्माण झाले. त्यांच्या नावाचे रुग्णालय आज नैरोबीत सर्वांची सेवा करीत आहे.

गव्हाचे पीठ दुकानातून विकत आणावे लागे, म्हणून सामान्य आफ्रिकी घरात चपाती हे रोजचे अन्न झाले नाही. रोजचे जेवण म्हणजे मक्याच्या पिठाचे घट्ट 'उगाली' आणि पालेभाजी. चपाती होई ती नाताळला, ईदला, लग्नकार्यात किंवा पाहुणा आला की. आता ती शहरांतील खानावळीत रोज मिळते, तरी सणाचे अन्न हा तिचा मान घरोघरी टिकून आहे. आपल्याकडे जी पोळी रोज ताटात पडते म्हणून तिची कोणी दखल घेत नाही, तिच्यासाठी तेथील मुले सणाची वाट पाहतात.

हे जेवण जैन स्वयंपाकघरात सहज करता येते. मूळ म्बाझीत कांदा असतो आणि पुष्कळदा लसूणही असते. ती दोन्ही वगळली तरी पदार्थाचा आत्मा जात नाही, कारण त्याची चव मुख्यतः नारळात आहे. कडधान्य आणि कच्चे गोरस एकत्र आल्यास द्विदलाचा दोष मानला जातो. नारळाचे दूध गोरसात मोडत नसल्याने तीही अडचण येथे नाही.

चार माणसांसाठी एक वाटी वाळलेली अख्खी तूर सकाळी लवकर निवडून, धुऊन भिजत घालावी. सहा-सात तासांनी, मोड येण्याच्या आतच, ती कुकरमध्ये पाच-सहा शिट्या देऊन मऊ शिजवावी. एक नारळ खवून कोमट पाण्याबरोबर वाटावा व पिळून पहिले दाट दूध वेगळे ठेवावे. त्याच चोथ्यात पुन्हा पाणी घालून पातळ दूध काढावे. नारळाच्या या दुधाला तेथे 'तुई' म्हणतात, आणि नारळ खवण्यासाठी बसायच्या पाटाला पाते जोडलेले जे साधन वापरतात, ते कोकणातील गृहिणीला पाहताच ओळखू येईल. कढईत थोड्या तेलावर जिरे, हिंग व उभ्या चिरलेल्या दोन हिरव्या मिरच्या परतून हळद, धनेपूड आणि बारीक चिरलेले दोन टोमॅटो घालावेत. टोमॅटो विरघळले की शिजलेली तूर, मीठ व पातळ दूध घालून दहा मिनिटे मंद उकळावे. थोडे दाणे पळीने ठेचले म्हणजे रसाला दाटपणा येतो. शेवटी दाट दूध घालून एक हलकी वाफ आणावी. फार उकळल्यास दूध फुटते. वरून कोथिंबीर घालावी. पर्वतिथीला हिरवे वर्ज्य करणाऱ्या घरांनी टोमॅटो, मिरची व कोथिंबीर यांऐवजी आमसूल आणि लाल तिखट वापरावे, आणि बाकी आपापल्या घरच्या नियमाप्रमाणे ठरवावे.

चपातीसाठी तेथे नुसता मैदा घेतात. आपल्याकडे दोन वाट्या कणीक व एक वाटी मैदा हे प्रमाण चांगले जमते. मैदा न खाणाऱ्यांनी नुसती कणीक घेतली तरी चालते, मात्र पदर थोडे कमी सुटतात. पिठात मीठ, चमचाभर साखर व दोन चमचे तेल घालून कोमट पाण्याने सैलसर भिजवावे, दहा मिनिटे मळावे आणि अर्धा तास झाकून ठेवावे. आठ गोळे करावेत. प्रत्येक गोळा पातळ लाटून त्यावर तेल पसरावे, त्याची सुरळी करावी आणि ती चकलीसारखी वेढून पंधरा मिनिटे ठेवावी. मग हलक्या हाताने लाटून मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी तेल सोडत भाजावी. भाजलेल्या चपात्या एकावर एक रचून कापडात गुंडाळल्या की मऊ राहतात. तेथे उरलेली चपाती दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर खाण्याची चाल आहे. आपल्याकडे शिळे वर्ज्य, म्हणून बेतानेच कराव्यात व सूर्यास्तापूर्वी संपवाव्यात. सोबत कोबी, काकडी व टोमॅटो यांची लिंबू पिळलेली कोशिंबीर असावी. तिचे स्वाहिली नाव 'कचुंबरी', ते ऐकून कोणालाही अर्थ विचारावा लागणार नाही.

या ताटातील तुरीचा प्रवासही ध्यानात घेण्याजोगा आहे. तूर हे भारतातच प्रथम लागवडीखाली आलेले पीक. ते फार पूर्वी समुद्रापार जाऊन पूर्व आफ्रिकेच्या कोरडवाहू जमिनीत रुजले. आज भारतात पीक कमी पडले की मोझांबिक, टांझानिया, मलावी या देशांतून तूर आयात होते. मोझांबिकशी तर जुलै 2016 मध्ये सरकारी पातळीवर डाळींच्या खरेदीचा करार झाला. लातूरच्या बाजारात तुरीचा भाव सांगताना व्यापाऱ्याला आफ्रिकेच्या आवकेचीही खबर ठेवावी लागते.

एवढी देवाणघेवाण होऊनही दोन्ही समाज एका पंगतीला क्वचितच बसले. परकी सत्तेने गोरे, आशियाई आणि आफ्रिकी यांच्या वस्त्या वेगळ्या ठेवल्या होत्या. त्यात आपल्या लोकांच्या अलिप्तपणाचीही भर पडली. आफ्रिकी माणूस भारतीय घरात येई तो बहुधा स्वयंपाकी किंवा नोकर म्हणून. तो कणीक मळावयास शिकला आणि ती विद्या आपल्या घरी घेऊन गेला, पण मालकाच्या शेजारी पाटावर बसण्याचा प्रसंग त्याच्यावर सहसा आला नाही. स्वातंत्र्यानंतर हे अंतर महागात पडले. केनियात 1967 च्या परवाना कायद्याने नागरिकत्व न घेतलेल्यांच्या व्यापारावर बंधने आली आणि हजारो कुटुंबांनी ब्रिटनची वाट धरली. युगांडात ऑगस्ट 1972 मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना देश सोडण्यास 90 दिवसांची मुदत दिली. दोन-तीन पिढ्यांची दुकाने, घरे आणि उधारीच्या वह्या जागच्या जागी राहिल्या. अमीनच्या क्रूर वंशद्वेषाचे समर्थन कोणीही करू शकणार नाही. तरीही तेव्हा शेजाऱ्यांपैकी फार थोडे लोक मदतीस धावले, ही गोष्ट व्यापारी समाजाने विसरू नये.

जे कुलपात ठेवले होते ते गेले. स्वयंपाकघरातून नकळत दिले गेले ते मात्र कोणालाही हद्दपार करता आले नाही. युगांडातही चपाती राहिली आणि आज ती तेथील रस्त्यांवर सर्वत्र मिळते. केनियात राहिलेल्या भारतीयांनी पुढे शाळा, रुग्णालये व उद्योग यांद्वारे संबंध वाढविले. 2017 मध्ये केनिया सरकारने आशियाई वंशाच्या नागरिकांना देशातील 44 वी जमात म्हणून अधिकृत मान्यता दिली.

श्रावकाच्या बारा व्रतांत अतिथिसंविभाग हे शेवटचे व्रत आहे. साधू-साध्वींना आहारदान हा त्याचा मूळ अर्थ. 'संविभाग' म्हणजे आपल्या अन्नाचा वाटा काढणे, आणि ही सवय मुनींच्या गोचरीपुरती ठेवण्याचे कारण नाही. मोम्बासाचे हे जेवण एखाद्या रविवारी घरी करावयाचे ठरलेच, तर आठ गोळ्यांऐवजी सोळा करावेत, आणि दुकानावर रोज गोणी उचलणाऱ्या, हिशेब लिहिणाऱ्या माणसांना कुटुंबासह बोलावून त्यांच्याच पंगतीत घरच्या मंडळींनीही बसावे.