संगणक उघडायला परवानगी कुणाची?

शाळा 'डिजिटल' झाली की नाही, हे आपल्याकडे संगणक मोजून ठरतं. केंद्राच्या यूडायस प्लस अहवालाप्रमाणे २०२४-२५ साली देशातल्या ६४.७ टक्के शाळांमध्ये संगणकाची सोय होती. आदल्या वर्षी हाच आकडा ५७.२ होता. वाढ चांगली आहे, नाकारायचं कारण नाही. पण मी तालुक्याच्या गावी २२ वर्षं संगणक दुरुस्तीचं दुकान चालवतोय, त्यामुळे मला पडणारा प्रश्न वेगळा आहे. यातल्या किती शाळांत एखाद्या पोराने किंवा पोरीने संगणकाचं झाकण काढून आत काय असतं ते पाहिलंय?

संगणकाच्या तासाला काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. चपला बाहेर. एका मशीनपुढे चौघं. माऊस एकाच्या हातात, बाकीचे तिघे सूचना देणार. पेंटमध्ये दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, घंटा झाली. कॅबिनेटवर शिवून घेतलेली खोळ आणि भिंतीवर पाटी: परवानगीशिवाय हात लावू नये. ज्या घरात पोरगं सायकलची चेन स्वतः बसवतं आणि आई शिलाई मशीन उघडून तेल घालते, त्याच घरात संगणक मात्र देव्हाऱ्यात.

हे सगळं डोक्यात यायला कारण माझी भाची. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परवाच्या, म्हणजे २०२५ च्या दिवाळीत तिने सुटे भाग आणून स्वतःचा पहिला डेस्कटॉप जोडला. पैसे शिष्यवृत्तीचे आणि थोडे आजीचे, सगळे मिळून तीसेक हजार. मुंबईच्या मावसभावाला घेऊन लॅमिंग्टन रोड पालथा घातला (पाट्यांवर डॉ. भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोड स्टेशनबाहेर हे नाव सांगितलंत तर टॅक्सीवालाही विचार करेल). यादी तिने तिचीच केली, मला दाखवलीही नाही. "मामा दुकानदार आहे, तो सगळं स्वतःच करून टाकेल," असं तिने आईला सांगितलं होतं. बरोबरच ओळखलं होतं म्हणा.

तिसऱ्या दिवशी फोन आला. "मामा, पंखे फिरतायत, लाईट लागतेय, पण स्क्रीन काळीच आहे. आणि अजून एक झालंय. येऊन बघ."

नवख्या माणसाचं काय काय चुकतं याची यादी माझ्याकडे पाठ आहे. मदरबोर्डच्या मागे पितळी स्टँडऑफ असतात, ते बसवायचे राहतात किंवा एखादा नको तिथे बसतो आणि बोर्ड शॉर्ट होतो. रॅम अर्धवट दाबली जाते, कारण कटकन आवाज आला की पोरं घाबरून हात मागे घेतात. दोन रॅम शेजारशेजारी लावतात, खरं तर चार खाचा असल्या की बहुतेक बोर्डांवर दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावायच्या असतात. आणि प्रोसेसरला वीज देणारी आठ पिनांची वेगळी वायर, ती बोर्डच्या वरच्या कोपऱ्यात लागते, ती हमखास विसरतात. ती नसली तरी पंखे मजेत फिरत राहतात, त्यामुळे शंका येत नाही.

या पोरीनेही ती वायर विसरली होती. पण तिची तिलाच सापडली, हे विशेष. वायर लावली, तरी स्क्रीन काळीच. मग तिने ठरवलं की प्रोसेसर नीट बसला नसणार. कूलरचे स्क्रू काढले आणि कूलर सरळ वर ओढला.

इथे थोडं थांबून सांगतो. तिचा प्रोसेसर रायझन ५ ५६००, एएम४ सॉकेटचा. या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात, तब्बल १३३१. कूलरखाली उष्णता वाहून नेणारी पेस्ट असते, ती वाळली की डिंकासारखी धरते. कूलर सरळ उपसला तर सॉकेटची दांडी बंद असतानाही अख्खा प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर येतो. मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट कोमट करायची आणि कूलर डावी-उजवीकडे फिरवत सोडवायचा, हा उपाय. पण तिचं मशीन धड चालतच नव्हतं, कोमट कुठून होणार? प्रोसेसर उपटून आला. कडेच्या चार पिना वाकल्या.

माझ्या बहिणीने पिनांकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "नऊ-दहा हजारांची वस्तू. आता कुणी हात लावायचा नाही." त्यानंतर दोन दिवस ते सगळं टॉवेलखाली झाकून ठेवलं होतं.

मी गेलो तेव्हा सोबत भिंग आणि टॉर्च नेली. क्लच पेन्सिल तिच्याच कंपासमध्ये होती. ०.५ ची पेन्सिल, आतलं शिसं काढलं की पुढची पोकळ नळी पिनेवर बरोबर बसते. पिना तिनेच सरळ केल्या, मी टॉर्च धरली. अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात घरात मिक्सरसुद्धा कुणी लावला नाही.

प्रोसेसर बसला, मशीन चालू केलं, स्क्रीन काळीच! पण तिच्या बोर्डच्या कडेला चार बारीक दिवे आहेत, प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले आणि बूट असे. त्यातला तिसरा पेटलेला होता. पहिल्या दिवसापासून पेटलेला होता म्हणे. "तो काय म्हणतोय?" मी विचारलं. तिने बोर्डची पुस्तिका उघडली. अशी पुस्तिका मराठीत मी तरी कधी पाहिली नाही, आणि इंग्रजीतली कुणी वाचत नाही. तिने वाचली, मग प्रोसेसरचा खोका उलटा करून पाहिला, मग मोबाईलवर शोधलं आणि कपाळावर हात मारला.

५६०० आणि ५६००जी. फरक एका अक्षराचा. 'जी' असेल तर चित्र दाखवणारा भाग प्रोसेसरच्या आतच असतो. 'जी' नसेल तर वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतंच, नाहीतर पडद्यावर काही उमटणार नाही. तिने व्हिडिओ पाहिला होता त्यात ५६०० जास्त वेगवान म्हणून सांगितलं होतं. खोटं नव्हतं ते. फक्त त्या व्हिडिओवाल्याच्या मशीनमध्ये जे ग्राफिक्स कार्ड होतं त्याची किंमत हिच्या अख्ख्या संगणकाहून जास्त असणार. दुकानात एक जुनं जीटी ७१० पडून होतं, ते आणून लावलं. स्क्रीन उजळली. म्हणजे वाकलेल्या पिनांचा सगळा प्रकार घडला तो जिथे दोष नव्हताच तिथे.

बरं, एवढ्यावर संपलं नाही. संध्याकाळी तिने कॅबिनेटला हात लावला तर झिणझिण्या आल्या. बहीण म्हणाली, पिना वाकल्यामुळेच. पिनांचा काही संबंध नव्हता. एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीकडे जाणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर बॉडीवर साधारण निम्मं व्होल्टेज, शंभर-सव्वाशे व्होल्ट उभं राहतं. करंट अगदी थोडा, त्यामुळे फक्त झिणझिण्या येतात, पण तो घराच्या वायरिंगने दिलेला इशारा आहे. वायरमनने बोर्ड उघडला, तर थ्री-पिनच्या वरच्या भोकाला मागून वायरच नव्हती. फ्रिज, वॉशिंग मशीन, गिझर अशी कित्येक वर्षं चालली होती. पोरीने संगणक जोडला नसता तर कळलंही नसतं.

आता कुणी म्हणेल, एवढा उपद्व्याप कशाला, लॅपटॉप घ्यायचा. खरंय, पैसे वाचवायचे असतील तर मीही जोडणीचा सल्ला देत नाही. कंपन्यांमधून निघालेला जुना ब्रँडेड डेस्कटॉप त्याहून स्वस्त पडतो. पण त्या पाच दिवसांनंतर ही पोरगी 'संगणक चालत नाही' असं म्हणत नाही. वीज पोचतेय का, रॅम धरतेय का, चित्र कुठून यायला हवं, असं एकेक विचारते. माझ्या दुकानात इंजिनिअर झालेली मुलं येतात आणि सांगतात, "काका, बंद पडलाय." पुढे काही विचारलं की गप्प.

ही मुलं कुठे घडतात तेही मी पाहिलंय. मागच्या वर्षी तपासणीच्या तोंडावर एका शाळेने बोलावलं. शाळेचं नाव सांगत नाही, कारण अशा पन्नास असतील. ११ संगणक, सगळ्यांवर खडूने 'ना' लिहिलेलं. ना म्हणजे नादुरुस्त. एका योजनेत आलेले. अशा योजनांत पाच वर्षं कंपनी यंत्रं आणि शिकवणारा माणूस पुरवते, मग यंत्रं शाळेच्या नावावर होतात आणि माणूस घरी जातो. मी एकेक चालू केला. चार संगणक घड्याळाची बॅटरी संपल्यामुळे तारीख विसरले होते आणि 'एफ१ दाबा' असं इंग्रजीत लिहून थांबले होते. कुणीतरी एफ१ दाबला असता तरी चालले असते! तिघांच्या रॅमवर गंज धरला होता, खोडरबराने घासून साफ केला. दोघांचे एसएमपीएस गेलेले, पैकी एकात उंदराने घर केलेलं. दोघांच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले, ते गेलेच. म्हणजे ११ पैकी ७ एका दुपारीत सुरू झाले. खर्च चार गोल बॅटऱ्या आणि एक खोडरबर, दोनशे रुपयांच्या आत.

मुख्याध्यापकांना मी म्हटलं, हे गेलेले चार तरी पोरांना उघडून बघू द्या. ते भले गृहस्थ आहेत. पण म्हणाले, "अहो, जडवस्तू नोंदवहीत आहेत ते. एक स्क्रू कमी निघाला तर ऑडिटला उत्तर कोण देणार? तुम्ही?"

त्यांचं चुकीचं नाही. नोंदवहीत चढलेली वस्तू उतरवायची तर निर्लेखनाचा प्रस्ताव, मूल्यांकन, समिती, मंजुरी, लिलाव. तोवर ती फेकता येत नाही आणि उघडताही येत नाही. म्हणून आपल्या शाळांत एक खोली कायम कुलूपबंद असते आणि त्यात मेलेले संगणक खोळ घालून बसलेले असतात.

हा विषय आत्ताच काढायचं कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार थांबला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. कार्यालयांत, बँकांत, शाळांत यात न बसणारी चालू यंत्रं भरपूर आहेत, आणि येत्या काळात ती सगळी 'जुनी' ठरणार. लिनक्स टाकला तर त्यातली बरीचशी आणखी काही वर्षं निघतील. दुसरीकडे एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची एवढी मागणी केलीय की रॅमचे भाव चढलेत. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशियल' हा ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. भाचीने दिवाळीत घेतलेली १६ जीबी आज तिच्या बजेटमध्ये बसली नसती. अशा वेळी कुलपातल्या खोलीतला माल भंगाराच्या भावाने काढणं परवडतं कसं, हा साधा हिशोबाचा प्रश्न आहे.

आणि करून शिकणं महाराष्ट्राला नवीन नाही. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तिथे पोरं वेल्डिंगपासून शेतीपर्यंत खरी कामं करत तंत्रज्ञान शिकतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना १० दिवस सुचवलेत, सुतार-कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडून शिकायला. संगणक दुरुस्त करणारा त्यात का नसावा? मी यायला तयार आहे, मानधन नको.

मागणी छोटी आहे. निर्लेखन करताना प्रत्येक शाळेला दोन यंत्रं 'उघडण्यासाठी' म्हणून ठेवू द्यावीत. नोंदवहीत तसा रकाना करावा. त्यातला एखादा भाग तुटला, हरवला, पिना वाकल्या तर कुणाकडे खुलासा मागू नये. काही मंडळी शॉकची भीती घालतील, ती रास्त आहे. प्लग काढूनच काम करायचं. एसएमपीएसचा बंद डबा आणि जुना डबा-मॉनिटर या दोन गोष्टी मुलांनी कधीच उघडायच्या नाहीत, कारण प्लग काढल्यावरही त्यांत वीज साठून राहते. एसएमपीएसमधलीच तीनशे व्होल्टच्या वर असू शकते. कॅबिनेटमधलं बाकी सगळं बारा व्होल्ट आणि त्याखालचं. आणि हो, आधी त्या खोलीचं अर्थिंग तपासून घ्या.

पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे असं पत्र दिलंय. मुख्याध्यापकांनी त्यावर सही केली, हे त्यांचं धाडस. पोच माझ्याकडे आहे, उत्तर अजून नाही. तुमच्या शाळेत अशी कुलूपबंद खोली असेल तर यंत्रं किती आणि कोणत्या सालची, एवढं मला कळवा. शाळेचं नाव नको. आकडे जमले की दुसऱ्या पत्राला जोडतो.