ईस्टरच्या दिवशी सोपारा आणि आगाशी

२०२३ साली चैत्री ओळीची सांगता ६ एप्रिलला, पौर्णिमेस झाली. सौभाग्यवतींचे पारणे ७ तारखेला झाले, आणि नेमका तोच ख्रिस्ती बांधवांचा गुड फ्रायडे. आमच्या घरी नऊ आयंबिलांनंतर सुंठीचा काढा व मुगाचे पाणी, तर वसईत घरोघरी उपवास. यात योगायोग थोडा, पंचांगच अधिक. वसंतसंपातानंतर जी पौर्णिमा येते तिच्या पुढच्या रविवारी ईस्टर साजरा होतो. म्हणून पुष्कळदा तो चैत्री पौर्णिमेच्या मागोमाग येतो. नोकरीत असताना सुट्ट्यांची यादी फलकावर लावण्याचे काम वर्षानुवर्षे माझ्याकडे होते. पण हा हिशेब तेव्हा कधी ध्यानात आला नाही.

त्या संध्याकाळी हेडकॅशियरांचा दूरध्वनी आला. दोघेही निवृत्त होऊन काही वर्षे लोटली, तरी मी त्यांना हेडकॅशियर म्हणतो आणि ते मला साहेब. ते निर्मळचे, मराठी कॅथलिक. घरात कादोडी बोलतात. "रविवारी आमच्याकडे ईस्टर. या वर्षी तुम्ही सहकुटुंब यायचे. जेवण वाडीत, मग सोपारा, आगाशी, अर्नाळा. आता तुम्हांला नाही म्हणायला कारण उरलेले नाही."

कारण खरोखरच उरलेले नव्हते. आम्ही सात वर्षे एका शाखेत होतो. प्रत्येक नाताळाला व ईस्टरला त्यांचे आमंत्रण असे आणि प्रत्येक वेळी माझी काही ना काही अडचण निघे. त्यांच्या मुलीच्या लग्नाला मात्र गेलो. पाकीट दिले, अंगणात उभ्याउभ्या शहाळे घेतले आणि निघालो. त्यांच्या मातोश्रींनी विचारले, "साहेब आपल्या घरी पाणीसुद्धा घेत नाहीत का?" हेडकॅशियर म्हणाले, "त्यांचा आज उपवास आहे." माझा उपवास नव्हता, हे त्यांना ठाऊक होते. २०१९ मध्ये त्या माउली निवर्तल्या.

त्यांचे मांसाहार सोडणे कोणाच्या उपदेशाने घडले नाही. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात ते दरवर्षी मांस वर्ज्य करीत. २०२० साली ईस्टर आला तेव्हा टाळेबंदीमुळे चर्चची दारे बंद होती. त्यांनी ठरविले, चर्च उघडेल त्या दिवशी उपवास सोडायचा. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे उघडली ती थेट १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. ते मिस्सेला जाऊन आले, जेवायला बसले आणि ताट पुढे सरकवून उठले. इच्छाच राहिली नव्हती. मासे सुटायला मात्र आणखी वर्ष लागले. वसईच्या माणसाने मासे सोडणे म्हणजे काय, ते तिकडे राहिलेल्यालाच कळेल.

रविवारी सकाळी मी सौभाग्यवतींना सर्वांपुरता डबा भरायला सांगितले. त्या म्हणाल्या, "मग जायचे तरी कशाला?" तरी त्यांनी साधे ठेपले, खाकरे आणि छुंदा भरून घेतला. मुलगा, सूनबाई व नातू यांच्यासह आम्ही बोरिवलीहून विरार लोकल पकडली.

नालासोपाऱ्याला हेडकॅशियर नातीसह उभे होते. प्रथम स्तूप पाहिला. गावात त्याला बुरुड राजाचा कोट म्हणतात. श्रीपाल-मयणाच्या कथेत ज्या सोपारक नगराचे नाव आपण ओळीत ऐकतो, ते हेच बंदर. आता समुद्र दूर गेला आहे व चाळी जवळ आल्या आहेत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी हा स्तूप उकरला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच साली सोपाऱ्यात मिळाला. नवव्याचा पुढे १९५६ साली. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत व शिकार करीत, आपण मात्र धर्मयात्रेला निघालो, असे आठव्या लेखात अशोक सांगतो. त्याचा पहिला लेख गिरनारला आहे. त्यात राजाच्या मुदपाकखान्याचा हिशेब आहे: पूर्वी रोज लाखो प्राणी मारले जात, आता दोन मोर व एक हरिण, हरिणही रोज नाही, पुढे तेही बंद. हे मी सांगितले तेव्हा हेडकॅशियर हसून म्हणाले, "म्हणजे सम्राटानेही हप्त्यांनीच फेडले, साहेब!"

दुपारी निर्मळला त्यांच्या घरी गेलो. तांदळाची भाकरी, मुगाची आमटी, कच्च्या केळ्याची भाजी, ओल्या खोबऱ्याची चटणी. कांदा, लसूण, बटाटा काही नाही. आमटीचे पातेले नवे कोरे होते; बुडाला दुकानाचे लेबल अर्धवट करपून चिकटलेले दिसत होते. वहिनींनी ते पाहिले आणि पातेले पदराआड फिरवले. माझ्या पायाशी पिशवीत आमचा डबा होता. मी तो पायानेच खुर्चीखाली सारला. समोरच्या भिंतीवर मातोश्रींची तसबीर होती. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या, तिसरी मागून घेतली.

शेवटी वहिनींनी आगाशीची प्रसिद्ध सुकेळी आणली, तेव्हा सौभाग्यवती संकोचल्या. फाल्गुन चौमासीनंतर सुका मेवा आम्हांस चालत नाही. वहिनी म्हणाल्या, "अहो, आमचा उपवास चाळीस दिवसांत संपतो, तुमचा काही संपायला तयार नाही!" आणि त्यांनी सुकेळी उचलून ताजी वेलची केळी ठेवली.

आगाशीला मुनिसुव्रत स्वामींचे देरासर आहे. मुंबईचे शेठ मोतीशा यांनी ते बांधविले आणि मूर्ती सोपाऱ्याच्या तळ्यातून आली, असे सांगतात. हेडकॅशियरांनी आपला चामडी पट्टा व पाकीट बाहेर ठेवले. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांच्या नातीने मूर्तीखाली कासव का, असे विचारले. प्रत्येक तीर्थंकरांचे लांछन वेगळे असते, हे माझ्या नातवाने तिला सांगितले; नऊ वर्षांच्या मुलाला ते येत असल्याचे मलाही त्याच वेळी कळले.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा ऊन उतरले होते. समोर पाण्यात किल्ला, होड्या परतत होत्या, मासळीचा वास येत होता. हेडकॅशियर क्षणभर त्या दिशेने पाहत उभे राहिले व मग वळून म्हणाले, "साहेब, सूर्यास्ताला अजून वीस मिनिटे आहेत. वहिनींचा चौविहार असेल ना? तुमच्या पिशवीत काय आहे ते काढा."

तेव्हा खुर्चीखालची पिशवी त्यांनी पाहिली होती तर. सौभाग्यवतींनी डबा उघडला. वाळूवर वर्तमानपत्र पसरून दोन्ही घरे ठेपल्यांवर बसली. मी पाणी मागितले. वहिनींनी आपल्या तांब्यातून पेला भरला आणि पुढे करण्याआधी म्हणाल्या, "गाळून, उकळून आणले आहे." मी पेला रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला.