पळसाला पाने तीनच

१ नोव्हेंबर १९५६ ही तारीख सीमाभागातल्या वाचकांना समजावून सांगायला नको. बेळगाव, कारवार म्हैसूर राज्यात गेले ते त्या दिवशी. त्याच दिवशी नागपूरचे राजधानीपण संपले, भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाली आणि सचिवालयातल्या फायलींपाठोपाठ आमच्यासारखी कितीतरी मराठी कुटुंबे इकडे आली. तुमच्या दारात दुसरी भाषा आली. आम्ही बिऱ्हाड घेऊन दुसऱ्या भाषेच्या दारात आलो. दुखणे मात्र सारखेच. मराठी उंबऱ्याच्या आत राहिली. फोडणी, ताम्हण, पळी हे शब्द शाबूत आहेत. पण पाऊल बाहेर पडले की झाड, ओढा, पाखरू सगळे हिंदी.

यावर उपाय म्हणा किंवा हौस म्हणा, आमची दहा-बारा घरे दरवर्षी होळीनंतरच्या एका रविवारी पायी भटकायला निघतात. इंग्लंडात वसंतातल्या अशा भटकंतीचा शेवट गावच्या पबमध्ये जेवून होतो म्हणे. आमचा ढाब्यावर, दाल-बाफल्याने होतो.

यंदा भीमबेटका ठरले. भोपाळच्या दक्षिणेला सुमारे ४५ किलोमीटर. हमरस्त्यावर बस सोडली आणि डोंगरापर्यंतचे तीनेक किलोमीटर चालायला लागलो. हा भाग रातापानीच्या जंगलात येतो, तेव्हा डांबरी रस्ता सोडायचा नाही, अशी मुलांना तंबी होती. १९५७ साली आगगाडीतून जाताना विष्णू श्रीधर वाकणकरांच्या नजरेस हे खडक पडले आणि मग ते पायी तिथवर पोचले. नीमचला जन्मलेला, उज्जैनला काम केलेला हा मराठी माणूस. त्यांच्यामुळे जगाला इथली हजारो वर्षांपूर्वीची चित्रे कळली. २००३ साली युनेस्कोने हे ठिकाण जागतिक वारशाच्या यादीत घेतले. २०२४ साली रातापानीला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला, तेव्हा त्याला वाकणकरांचेच नाव देण्याची घोषणा झाली. मुलांना हे सारे सांगितले. त्यांना त्या खडकावरच्या भल्याथोरल्या रानडुकराची आणि त्याच्यापुढे पळणाऱ्या माणसाची ओढ अधिक होती.

वाटेत पळस पेटलेला होता. एरवी मी बोलता बोलता म्हटले असेल, "कुठेही जा, पळसाला पाने तीनच." माझी नऊ वर्षांची नात थबकली.

"आजोबा, आमच्या हिंदीच्या पुस्तकात आहे, ढाक के तीन पात. ढाक म्हणजे कोणतं झाड?"

"हेच. ढाक म्हणजे पळस. टेसू म्हणतेस ना, तोही हाच."

ती झाडाखाली जाऊन पाने शोधू लागली. फुलोऱ्यातल्या पळसाला पान कुठले मिळायला! मग सगळ्यांनाच चेव आला. महुआ तो मोह, सेमल ती सावर, तेंदू ती टेंभुर्णी. टेंभुर्णी आम्हां मोठ्यांपैकीही निम्म्यांना ठाऊक नव्हती.

बरोबरच्या एक काकू मात्र म्हणाल्या, "भाऊ, कशाला तिच्या डोक्याला त्रास? इथं पळस म्हटलं तर कोणाला कळणार आहे?"

प्रश्न खोटा नव्हता. मी गप्प बसलो. चित्रे बघून उतरतानाही तो डोक्यात होताच.

ढाब्यावर आदल्या दिवशीच निरोप होता. बाफले आधी पाण्यात उकडून मग गोवऱ्यांवर भाजलेले, तुपात बुडवलेले. बाटीला नुसता निखारा पुरतो, बाफल्याचे लाड जास्त. डाळ आली ती पानांच्या द्रोणांत. नातीने द्रोण उलटसुलट करून पाहिला आणि ढाबेवाल्यांना विचारले, "चाचा, ये किसके पत्ते हैं?"

"छेवले के, बिटिया."

हा शब्द आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हता. सागरकडचे होते ते. बाहेरच्या एका झाडाकडे त्यांनी बोट दाखवले. तो पळसच होता. म्हणाले, गावी सगळे छेवलाच म्हणतात, पण माझी मुले शाळेत गेल्यापासून पलाश म्हणू लागली. छेवला म्हटले की हसतात.

काकूंनी माझ्याकडे पाहिले. ज्या हिंदीपुढे आमची मराठी अंग चोरून उभी असते, तिच्या पोटातसुद्धा एका घराची बोली अशीच विझत होती. शब्द कोणाला कळणार, हे पाहून तो टिकत नाही. कोणी तरी झाडाकडे बोट दाखवून तो उच्चारावा लागतो. काकूंनी दुसरा द्रोण पुढे केला आणि ढाबेवाल्यांना म्हणाल्या, "भैया, हम इसको पळस बोलते हैं." त्यांनीही 'ळ'शी दोनदा झटापट करून पाहिली.

बसमध्ये मुले पुन्हा हिंदीत भांडू लागली, ते चालायचेच. नात बोटांवर मोजत होती : पळस, ढाक, टेसू, पलाश, छेवला.

"आजोबा, नावं पाच झाली. पानं मात्र तीनच."