दोष नेमका कोठें?

एकत्र कुटुंबांत एखादी वस्तु बिघडली कीं प्रथम शोध सुरू होतो तो बिघाडाचा नव्हे, अपराध्याचा. गेल्या श्रावणांत आमच्या शिरूरच्या घरचें इंटरनेट बंद पडलें, तेव्हां हेंच झालें. मुलांनीं पेटीला हात लावला असेल, असें वडील मंडळींचें मत. बिल भरावयाचें राहिलें असेल, असें मुलांचें. कंपनीच नादान, यावर मात्र सर्वांचें एकमत झालें.

थोरल्या वहिनींची कचेरी या तारेवर चालते, पुतण्याचा वर्ग तिच्यावर भरतो. पण खरी अडचण आईची होती. तिची थोरली बहीण दौंडला असते. शिरूर घोडनदीच्या कांठीं, दौंड भीमेच्या. अंतर फारसें नाहीं, पण ऐंशी ओलांडलेल्या दोघींना तेंहि आतां झेपत नाहीं. मावशीला ऐकूं कमी येतें. समोर चेहरा दिसला, ओंठ हलतांना दिसले, तरच तिला बोलणें उमगतें. म्हणून रोज दिवेलागणीनंतर दोघी बहिणी पडद्यावर भेटतात. आमच्या वाड्याच्या जाड भिंतींत मोबाईलचें इंटरनेट जेमतेमच पोंचतें. त्यामुळें ही भेट सर्वस्वी त्या एका तारेवर अवलंबून.

अशा वेळीं सगळींच बटणें दाबून पाहणें हा उतावळेपणा होय. मी एकेक प्रश्न घेत गेलों. बिघाड एका यंत्रांत कीं सर्वांत? सर्वांत होता, अर्थात् कोणाचाहि फोन वा संगणक दोषी नव्हता. बिलाची मुदत शिल्लक होती, पेटीला वीजहि होती. पेटी बंद करून अर्ध्या मिनिटानें पुन्हां सुरू केली. पुष्कळ बिघाड एवढ्यानेंच जातात. हा गेला नाहीं. वायफाय सोडून संगणक तारेनें थेट पेटीला जोडला, तरी तेंच.

मग पेटीवरचे दिवे पाहिले. ‘पॉन’ हा दिवा स्थिर हिरवा असला म्हणजे बाहेरचा प्रकाश पोंचत आहे असें समजावें. ‘लॉस’ तांबडा झाला कीं वाट कोठेंतरी अडली. आमच्याकडे तांबडा दिवा लुकलुकत होता.

या तारेंतून वीज नव्हे, प्रकाश वाहतो. केसासारख्या बारीक कांचेच्या तंतूंत तो आंतल्या आंत परावर्तित होत धांवतो. कांच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यांतून दूरवर संदेश नेतां येतील, हें १९६६ सालीं दाखविणाऱ्या चार्ल्स काव यांस २००९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. मात्र तंतु फार वांकला कीं प्रकाश वळणावरच बाहेर निसटतो. म्हणून कपाटामागची तार तपासली. तिला ना पीळ होता, ना उंदराचा दांत लागला होता. सुटलेल्या टोकाशीं डोळा नेऊन मात्र कधीं पाहूं नये. तो प्रकाश दिसत नाहीं, पण इजा करूं शकतो.

दोष घराबाहेर आहे हें ठरलें. तक्रार करतांना नुसतें ‘बंद आहे’ न म्हणतां, काय काय तपासलें तें क्रमानें सांगितलें. माणूस दुसऱ्या दिवशीं येणार होता.

सायंकाळीं आई नेहमींच्या जागीं येऊन बसली. “अक्का वाट पाहील रे,” एवढेंच म्हणाली. मीं दौंडच्या मावसभावास साधा फोन लावला. आई सांगे तें तो पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून मावशीला दाखवी, आणि मावशीचें बोलणें आईला ऐकवी. बोलणें थोडकेंच झालें. पण अक्काचा जीव घोटाळला नाहीं, या समाधानानें आई जेवली.

दुसऱ्या दिवशीं कारागीर आला. त्याच्या यंत्रानें तंतूंत प्रकाशाचा ठोका सोडला, आणि तो परत येण्यास लागलेल्या वेळावरून तुटल्या जागेचें अंतर मीटरांत सांगितलें. गटारासाठीं खणलेल्या चरांत तार तुटली होती. दोन्ही टोकें तापवून सांधलीं आणि दिवा हिरवा झाला.

कोठें तुटलें हें कळण्यापूर्वीं कोणीं तोडलें हें ठरवूं नये. घरांतल्या मनांनाहि हा नियम लागू आहे. आतां पेटीजवळ एक कागद चिकटविला आहे. त्यावर खातेक्रमांक, तक्रारीचा क्रमांक आणि तपासणीचा क्रम लिहिला आहे. तळाशीं आईनें स्वतःच्या हातानें मावसभावाचा फोन क्रमांक घातला आहे.