ही मेंढी न्हाय, बाई

भिंतीवरच्या तक्त्यात मेंढीचं चित्र होतं. कापसाच्या गोळ्यासारखी पांढरीशुभ्र, कुरळ्या लोकरीची, गळ्यात घंटा, मागं हिरवंगार कुरण. मी पट्टी टेकवून विचारलं, "हे काय?" सगळ्यांनी एका सुरात "मेंढीऽऽ" म्हटलं. धनगरवस्तीवरून येणारं साडेचार वर्षांचं एक पोरगं मात्र उठून तक्त्याजवळ आलं, चित्र नीट निरखलं आणि म्हणालं, "ही मेंढी न्हाय, बाई."

मी म्हटलं, "न्हाय नाही, नाही म्हणायचं. आणि ही मेंढीच आहे. बस खाली."

ते बसलं. पुढं किती तरी दिवस तक्ता लावला की ते खाली सतरंजीकडं बघत राहायचं.

आमच्या म्हसवडच्या माळावर मेंढी म्हणजे काळी दख्खनी, राठ लोकरीची, जिच्या लोकरीचं घोंगडं होतं. नाहीतर जत तालुक्यातल्या माडग्याळ गावावरून नाव पडलेली माडग्याळ: उंच पायांची, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, बाकदार नाक, लोंबते कान. तक्त्यातलं जनावर त्या पोरानं जन्मात बघितलं नव्हतं. ते खरं बोललं होतं. एका दमात मी त्याला दोनदा खोटं पाडलं, एकदा त्याच्या माहितीत आणि एकदा त्याच्या आईच्या बोलीत.

अंगणवाडीत मला वीस वर्षांवर झाली. कुणीही विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं असायचं, "माझ्याकडं सगळी मुलं सारखी." पर्यवेक्षिकांना हेच सांगितलं, प्रशिक्षणात उभं राहून हेच बोलले, आणि मनापासून बोलले. सगळ्यांना एकच तक्ता, एकच बोली, एकच मोजमाप. त्यात बसलं ते पोर हुशार, न बसलं ते मागं. यालाच मी समानता समजत होते.

दिवाळी झाली की ते पोरगं दिसेनासं व्हायचं. माणदेशात पाऊस तोकडा. दिवाळीनंतर रानात चारा उरत नाही, मग धनगरांची बिऱ्हाडं मेंढरं घेऊन पश्चिमेला निघतात. कुणी कृष्णाकाठाला, कुणी कोल्हापूर भागात, कुणी घाट उतरून कोकणात. घोड्यावर संसार, त्यावरच कोंबड्या आणि लहान पोरं. पावसाच्या तोंडावर माघारी. माझ्या हजेरीत तेवढे महिने त्याच्या नावापुढं 'स्थलांतरित'. परत आलं की मी त्याला लहान गटात बसवायची, कारण रंगांची नावं आणि आकडे त्याला यायचे नाहीत. त्याच्या आईनं एकदा विचारलं, "बाई, ह्येला काय येतंय का?" मी म्हटलं, "मागं पडलाय." तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि काही न बोलता गेली.

पुढं त्याच्या धाकट्या बहिणीचं वजन घ्यायचं राहिलं म्हणून संध्याकाळी मी वाड्यावर गेले. मेंढरं चरून नुकतीच आली होती. दिवसभर डालग्याखाली राहिलेली कोकरं सोडली आणि नुसता गलका झाला. त्या गलक्यात हे पोरगं उभं. एकेक कोकरू उचलायचं आणि त्याच्या आईखाली नेऊन लावायचं. चाळीसेक तरी कोकरं असतील, मला सगळी एकाच रंगाची दिसत होती. "तुला कसं कळतं रे?" विचारलं तर ते म्हणालं, "कळतंय की. ह्येची आय ती, कानफाटकी. आन् ह्येची आय म्होरं गेलीया." एकदाही चुकलं नाही. 'जोड्या लावा' हा माझ्या अंगणवाडीतला खेळ. छत्री-पाऊस, कुलूप-किल्ली अशी आठ कार्डं. त्या खेळात मी त्याला 'प्रगती कमी' लिहिलं होतं.

म्हसवडमध्ये राहून मला हे कळू नये याचं फार वाईट वाटतं. 1997 मध्ये इथं माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. परवान्याचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं नाकारला होता, कारण अर्जावर बायकांचे अंगठे होते. त्या बायका बँक उभारणाऱ्या चेतना सिन्हा यांच्याबरोबर पुन्हा साहेबांपुढं गेल्या आणि व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी सांगतो म्हणाल्या. महिला दिनाला मी ही गोष्ट किती तरी वेळा सांगितली आहे. माझ्या सतरंजीवर बसलेल्या पोराला ती लावून बघावी, असं एकदाही मनात आलं नाही.

लहानसहान चुका तर रोजच्या होत्या. "पोरींनो, सतरंजी झाडा" आणि "पोरांनो, ठोकळे काढा", हे माझ्या तोंडात इतकं बसलं होतं की ते बदलायला मला दोन वर्षं लागली.

आता जे लिहायचं ते जड जातंय.

एका वर्षी माण नदीच्या कडेला भटक्या कुटुंबांची पालं उतरली. त्यातली एक पोरगी रोज यायची आणि उंबऱ्याबाहेर बसायची. वय चारच्या आतबाहेर. गाणी चालू झाली की बाहेरूनच हात हलवायची. खिचडीच्या वेळेला ती घरून आणलेली जर्मनची ताटली पुढं करायची, काठाला चेपलेली. बाकीच्या मुलांना अंगणवाडीच्या स्टीलच्या ताटल्या. मदतनीस मला म्हणाली, "बाई, तिलाबी आपलीच ताटली देऊ का?" मी म्हटलं, "राहू दे, तिची तिला बरी."

मला ठाऊक होतं मी का म्हणतेय. दोन आया आदल्याच आठवड्यात बोलून गेल्या होत्या की ती पोरगी आमच्या पोरांत बसणार असंल तर आम्ही पोरं दुसरीकडं घालतो. पट कमी होईल, वरून विचारणा होईल, ही भीती मला होती. ती भीती मी कुणाला सांगितली नाही. 'तिची तिला सवय आहे' असं म्हणत राहिले, आणि चार महिने ते खरं मानून चालले.

प्रशिक्षणात आम्हाला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ शिकवल्या होत्या. 1945 मध्ये बोर्डीला बालवाडी निघाली. गावाबाहेरच्या वस्तीतली मुलं तिथवर येईनात, तेव्हा या बायांनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली, त्याच्याही कितीतरी आधीचा. परीक्षेत मी यावर पानभर उत्तर लिहिलं होतं. आणि माझ्या अंगणवाडीत ती पोरगी अंगणातच बसवलेली होती.

ताटल्या मी बदलल्या, पण पालं उठून गेल्यावर. आता कुठल्याही पोराला घरची ताटली आणू देत नाही. जो येईल तो आत, सतरंजीवर, मधोमध. नंतर एकदा असाच विषय निघाला तेव्हा मी त्या आयांना हेच तोंडावर सांगितलं. एकीनं महिनाभर पोर पाठवलं नाही आणि मग आपणच आणून सोडलं. दुसरी आलीच नाही. पट एकानं कमी झाला. पर्यवेक्षिकांनी विचारलं, मी कारण सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. इतकंच झालं. चार महिने मी ज्याला भ्याले ते एवढंच होतं.

मेंढीचा तक्ता उतरवला. त्या पोराच्या आईला एक दिवस कोकरू घेऊन बोलावलं. तिनं काळ्या लोकरीचा पुंजका सगळ्यांच्या हातात दिला, मुलांनी गालाला लावून बघितला, टोचतो म्हणून हसली. पोरगं मधे उभं राहून सांगत होतं, खूर कसा बघायचा, दात कसे मोजायचे. 'न्हाय' म्हणत होतं. मी अडवलं नाही.

त्या पोरीला मात्र मी शोधू शकत नाही. तिच्या आईजवळ कसला कागद नव्हता, म्हणून मी तिचं नाव रजिस्टरात घेतलंच नाही. उरलेल्यातली खिचडी देत राहिले. पालं एका सकाळी उठली तेव्हा नदीकाठी तीन दगडांच्या चुली आणि राख होती. कुठं गेली, हे तिथं विचारण्यासारखं कुणी नव्हतं. सगळे तिला 'ये पोरी' म्हणत, मीही तेच म्हणायची. तिचं नाव मी चार महिन्यांत विचारलं नव्हतं.