परसातला झेंडू आणि अब्बांचं कर्ज

मुसलमानांच्या मैयतीत जनाज्याच्या नमाजीआधी एक जाहीर विचारणा होते. मरहूमचा मुलगा किंवा भाऊ सफांसमोर उभा राहतो आणि सांगतो, यांच्याकडे कुणाचं काही येणं असेल तर ते आता आमच्या जिम्मे आहे, आमच्याशी बोला. बहुतेक लोक हे रिवाज म्हणून ऐकतात आणि नमाजीला उभे राहतात. पण त्या दोन वाक्यांमागे मोठी जबाबदारी आहे. एका कर्जदाराचा जनाजा आणला गेला तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः नमाज पढवली नाही, सोबत्यांना पढायला सांगितलं. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज स्वतःवर घेतलं, तेव्हाच प्रेषित पुढे आले. कुरआनातली सर्वांत लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. तरीही आपल्या मोहल्ल्यात कर्जाची गोष्ट दार लावून केली जाते. म्हणूनच आम्ही आमचा हिशोब इथे उघड मांडत आहोत.

आम्ही म्हणजे दोघे भाऊ, अम्मी आणि आमच्या दोघांच्या बायका. थोरल्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे, धाकटा विनाअनुदानित शाळेत शिकवतो. दोघांची कमाई घर चालण्यापुरती. डिसेंबर २०२२ मध्ये अब्बांचा इंतकाल झाला. त्यापूर्वी चार महिने नांदेडच्या दवाखान्याच्या वाऱ्या झाल्या होत्या. जनाज्यात आम्ही ती दोन वाक्यं बोललो. त्या रात्री वही उघडली तेव्हा एकूण आकडा निघाला १ लाख ६० हजार रुपये. त्यातले ७० हजार फुप्पीचे होते. अब्बांच्या आजारात तिने आपल्या पाटल्या मोडल्या होत्या. ४० हजार एका खासगी सावकाराचे, शेकडा पाच रुपये महिना व्याजाने. ५० हजार एका फायनान्स गटाचे, घरातल्या सुनेच्या नावावर, दर सोमवारी ११०० रुपयांचा हप्ता, ५२ आठवडे. व्याज घेणं आणि देणं दोन्ही आपल्याकडे मना आहे, हे माहीत असूनही ऑपरेशनच्या टेबलावर माणूस असताना कुणी मसला विचारत बसत नाही.

इस्लापूर हे किनवटच्या वाटेवरचं गाव. पूर्वी ते आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथ तालुक्याचं एक सर्कल होतं. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हे सर्कल हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आलं, आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा इथून जवळ. पावसाळ्यात बघायला लोक लांबून येतात, उन्हाळ्यात मात्र आम्ही घागरी घेऊन फिरतो. कामधंदा म्हणाल तर शेती, जंगल आणि रस्त्यावरची दुकानं. जोडीला आणखी काही करावं तर भांडवल लागतं, आणि भांडवलासाठी पुन्हा कर्ज. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात आलं आहे की मुस्लिमांच्या वाट्याला बँकेचं कर्ज लोकसंख्येच्या मानाने कमी येतं आणि काही बँकांनी मुस्लिम वस्त्यांवर नकाराची खूण करून ठेवली होती. आमच्यासारख्यांना हे वाचायची गरज नव्हती, ते आम्ही जगतच होतो.

आमच्याजवळ एकच गोष्ट होती, घरामागची तीन गुंठे जागा. अब्बा असताना तिथे सीताफळाची दोन झाडं, लिंबू, शेळ्यांचा गोठा आणि पडीक सामान होतं. अम्मीने इद्दतीतच ठरवलं. ती म्हणाली, "जमीन पडी है, हात पडे हैं, फिर कर्जा कायकू पड्या रहना?" तिने ते सहज म्हटलं, पण त्यावरूनच आमच्या कामाची सुरुवात झाली.

याच सुमारास धाकट्याने हजरत जाबिर (रजि.) यांचा किस्सा घरात पुन्हा सांगितला. त्यांचे वालिद उहुदच्या लढाईत शहीद झाले आणि मागे कर्ज राहिलं. सावकार कमी घ्यायला तयार नव्हते. जाबिर यांच्याकडे होती ती फक्त खजुराची बाग. प्रेषितांनी सांगितलं, खजूर तोडल्यावर प्रत्येक जातीचा ढीग वेगळा लाव आणि मला बोलाव. मग त्या ढिगांतून मापं भरून एकेका सावकाराचं देणं देण्यात आलं. सगळ्यांचं फिटलं आणि खजूर जणू कमी झालेच नाहीत. हा चमत्कार म्हणून आपण ऐकतो आणि सुभानअल्लाह म्हणतो. आम्हाला त्या रात्री त्यातलं दुसरंच लक्षात राहिलं, ढीग वेगळे लावण्याचं. चमत्कार अल्लाहच्या हातात आहे, ढीग लावण्याचं काम जाबिरना सांगितलं गेलं होतं.

त्याप्रमाणे आम्ही तीन डबे केले. हप्ता दर सोमवारी येतो, झेंडू वर्षातून एकदाच फुलतो. कर्ज एका चालीने चालतं आणि बाग दुसऱ्या. या दोन चाली जुळवल्या नाहीत तर बाग हिरवी राहते आणि माणूस बुडतो. म्हणून पहिला डबा पालेभाजीचा. मेथी महिन्याभरात निघते, कोथिंबीर चाळीसेक दिवसांत. दर आठवड्याला एक लहान वाफा पेरत गेलं की दर आठवड्याला एक वाफा काढायला येतो. त्याच्या जोडीला लिंबू आणि बांधावरचे देशी गुलाब. जुमेरातला फातिहासाठी गुलाबाच्या पाकळ्या लागतात आणि त्या ताज्याच लागतात. यातून आठवड्याला ३०० ते ३५० रुपये सुटायचे. हा डबा फक्त सोमवारच्या हप्त्याचा.

दुसरा डबा झेंडूचा, तो सावकाराचा. २०२३ च्या जूनअखेर बी टाकलं, महिन्याभराने दीड गुंठ्यात सातशेवर रोपं लावली. खत म्हणून घरच्याच शेळ्यांचं लेंडीखत. रोप जरा उभं राहिलं की शेंडा खुडायचा, म्हणजे फांद्या फुटतात आणि फुलं वाढतात. हे शेंडा खुडणं अम्मीला पहिल्यांदा बघवलं नव्हतं. त्या वर्षी दसरा २४ ऑक्टोबरला होता आणि दिवाळी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. माहूरला रेणुकामातेच्या नवरात्रात फुलांची मागणी असते, दसऱ्याला तर प्रत्येक दाराला तोरण, प्रत्येक गाडीला माळ. थोरल्याच्या दुकानासमोरच आम्ही माळा विकायला बसलो. ज्यांच्या गाड्या तो वर्षभर दुरुस्त करतो तेच गाडीला माळ घ्यायला आले. दोन्ही सणांचं मिळून १२ हजार रुपये झाले. माहूरला सोनापीरचा दर्गाही आहे. तिथे गुलाबाची चादर जाते आणि गडावर झेंडूची माळ. एकाच परसातली फुलं दोन्हीकडे जातात, आणि आमच्या गावाला त्यात कधी नवल वाटलं नाही.

तिसरा डबा मजुरीचा, तो फुप्पीचा. रविवारी थोरला इतरांच्या बागेत काम करू लागला. मेंदीचं कुंपण छाटणं, आळी करणं, गुलाबाला कलम बांधणं, शिक्षकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या घरची अंगणं. सुट्टीत धाकटाही जायचा. दिवसाचे ४०० रुपये. ज्या घरच्या पोराला शाळेत शिकवतो त्याच घरी खुरपं घेऊन बसायचं, यावर गावात बोललं गेलं. एक जण म्हणाला, गुरुजी, आता बागवान झालात काय? तो चिडवायला म्हणाला होता. पण बागवान म्हणजे बाग राखणारा. आज हे नाव फळं-भाज्या विकणाऱ्या आपल्या एका मोठ्या बिरादरीचं आहे आणि तिच्या घामावर महाराष्ट्रातले कितीतरी बाजार उभे आहेत. हे नाव आम्हाला कुणी दिलं तर त्यात शरमेचं काय? पहिल्या वर्षी या डब्यातलंही बरंच सोमवारच्या हप्त्यात गेलं, हेही सांगायला हवं. हप्ता आधी, कारण तो थांबत नाही.

झेंडूचे १२ हजार घेऊन सावकाराकडे गेलो तेव्हा तो म्हणाला, मुद्दल फोडून घेत नसतो, सगळे एकदम आणा. इथे थोडी कायद्याची माहिती उपयोगी पडली. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारी नियमनाचा कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे, तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते, आणि व्याजाची एकूण रक्कम मुद्दलाहून जास्त वसूल करता येत नाही. परवानाधारकालासुद्धा बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. आमचं चाललं होतं ६० टक्क्यांनी. आम्ही तक्रार केली नाही, धमकीही दिली नाही. धाकट्याने कायद्याचं नाव घेतलं आणि पावती मागितली. पैसे घेतले गेले. मुद्दल ४० चं २८ हजारांवर आलं, महिन्याचं व्याज दोन हजारांवरून चौदाशेवर. कमी झालेले ते ६०० रुपये आमच्या घरात पुढचे कित्येक दिवस मोठ्या खुशीने बोलले गेले.

फायनान्सच्या कर्जातही नियम आहेत, ते आपल्या बायांना कुणी सांगत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार अशा कर्जांना तारण मागता येत नाही, सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत, आणि सकाळी ९ च्या आधी व संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. गटातल्या बाया एकमेकींना जामीन असतात. एकीचा हप्ता चुकला की तिच्या दारात शेजारणीच उभ्या राहतात. आमच्या घरातली सून एकही सोमवार चुकली नाही, पण दुसऱ्यांच्या दारात उभं राहायला ती कधी गेली नाही. त्याऐवजी तिने दोघींना मेथीचं बी दिलं.

२०२४ च्या सुरुवातीला हप्ते संपले. सोमवारचे ११०० रुपये आता मोकळे झाले आणि ते सरळ सावकाराकडे वळवले. दहा हजार, पुन्हा दहा, शेवटी आठ. ऑगस्ट २०२४ मध्ये तो कागद फाडला गेला. व्याजाचं ओझं घरातून गेलं, त्या दिवशी अम्मीने शुक्राण्याच्या दोन रकात पढल्या आणि काहीही गोड केलं नाही. म्हणाली, अजून फुप्पी बाकी आहे.

फुप्पीचं कर्ज बिनव्याजी, बिनकागदाचं आणि म्हणूनच सगळ्यांत जड. आम्ही वही दाखवायला गेलो तर ती म्हणाली, "मैं माफ करदी रे. भाई पो बोझ नको." तंगीत असलेल्या कर्जदाराला मुदत द्यावी आणि माफ केलं तर ते अधिक चांगलं, ही शिकवण कुरआनातलीच आहे. जकातीच्या आठ हकदारांत कर्जदारही येतो. म्हणजे मदत घेण्यात कमीपणा नाही. फुप्पीच्या एका शब्दाने अब्बा मोकळे झाले असं आम्ही मानतो. पण त्या पाटल्या तिच्या म्हातारपणाची शिदोरी होत्या. अब्बांच्या मानेवरचं उतरलं, तिच्या हातातलं मात्र गेलेलंच राहिलं. म्हणून आम्ही ठरवलं, आता हे कर्ज अब्बांचं नाही, आमचं आहे.

हजरत सलमान फारसी (रजि.) यांच्या सुटकेची किंमत होती तीनशे खजुराची रोपं आणि चाळीस औकिया सोनं. तेव्हा कुणी तीस रोपं आणली, कुणी वीस, कुणी पंधरा, ज्याची जशी ऐपत तशी. आणि प्रेषितांनी ती स्वतःच्या हाताने लावली. आमच्याकडेही तसंच काहीसं झालं. शेजारच्या काकूंनी मोगऱ्याच्या काड्या दिल्या, थोरल्याच्या दुकानातल्या गिऱ्हाइकाने शेतातून शेवग्याचे खुंट आणले, आणि खुद्द फुप्पीने कढीपत्त्याची चार रोपं डब्यात लावून पाठवली. रोख रक्कम कुणाकडेच नसते, पण रोप बहुतेकांकडे असतं.

२०२४ च्या दिवाळीनंतर फुप्पीला एकदम १४ हजार दिले, त्यानंतर महिन्याला दोन हजारांच्या आसपास. २०२५ मध्ये ऑगस्ट-सप्टेंबरला मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. ज्यांची शेतं वाहून गेली, जनावरं गेली, त्यांच्यापुढे आमचं नुकसान काहीच नाही, पण आमचा झेंडू वाफ्यातच सडला. त्या डब्यात काही पडलं नाही. कढीपत्ता मात्र टिकला, आता तो दर आठवड्याला तोडायला येतो. आज फुप्पीचे ३१ हजार बाकी आहेत. ती सत्तरीच्या पुढची आहे, म्हणून आम्हाला घाई आहे. पुढच्या झेंडूसाठी वाफे उंच करून घ्यायचे ठरवलं आहे, म्हणजे पाणी थांबणार नाही. माती खालच्या ओढ्याकडून आणावी लागेल, दहा-बारा घमेली रोज.